‘शुगर’ हा शब्द मूळचा कोणाचा? शर्करेचे खडे, रक्तातली साखर आणि शेवगावचा ऊस

शेवगावच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर सकाळच्या वेळी एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘माझ्या कपात साखर नको, मला शुगर आहे.’ ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. साखर डब्यात असते, शुगर रक्तात असते. कारखान्यात पोत्यात भरतात ती साखर. दवाखान्यात बोटाला सुई टोचून मोजतात ती शुगर. वस्तू एक, नावे दोन, आणि मराठी माणसाने त्यांची कामेही वाटून दिली आहेत. आपला शब्द चहाला, इंग्रजीचा शब्द आजाराला.

गंमत अशी, की हे दोन शब्द परके नाहीत. साखर आणि शुगर एकाच घरातले आहेत. एक घरीच राहिला, दुसरा दोन हजार वर्षे जगभर फिरून परत आला आणि घरच्यांनी त्याला ओळखलेच नाही. शेवगावसारख्या तालुक्यात, जिथे उत्तरेला ऊस पिकतो आणि पूर्व-दक्षिणेच्या गावांतून तो तोडायला माणसे बाहेर जातात, तिथे या शब्दाची कुंडली पाहणे केवळ भाषेची हौस ठरत नाही. शब्दाबरोबर पैसा, मजुरी आणि तब्येत या तिन्ही गोष्टी येतात.

मूळ अर्थ गोड नव्हताच?

नव्हता. संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दाचा जुना अर्थ खडे, बारीक खडी, रेती असा आहे. वैदिक वाङ्मयात तो याच अर्थाने येतो. पालीत ‘सक्खरा’ म्हणजे खडाही आणि साखरही. उसाचा रस आटवून, मळी निथळून जे दाणेदार काही हाती लागले, ते पायाखालच्या खडीसारखे दिसले, म्हणून त्याला तेच नाव पडले. चव पाहून नव्हे, रूप पाहून केलेले हे बारसे.

त्या काळच्या लोकांकडे उसाच्या पदार्थांची बारकाईने केलेली वर्गवारी होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी पाच नावे ओळीने येतात. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट पाक. गुड म्हणजे गूळ. या शब्दाचा अर्थ मुळात गोळा. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी दिसणारी रवाळ साखर. खण्ड म्हणजे तुकडा. आणि शेवटी शर्करा. आयुर्वेदाच्या संहितांतही हीच मंडळी भेटतात आणि पुढे पुढे जावे तसा पदार्थ अधिक शुद्ध होत जातो. आजच्या कारखान्यात साखरेच्या दाण्याच्या आकारावरून एस-३०, एम-३० अशी प्रत ठरते. दाण्याकडे पाहून नाव देण्याची खोड तेव्हापासूनची म्हणायची.

‘शर्करा’चे प्राकृतात ‘सक्कर’ झाले आणि मराठीत ‘साखर’. कानडीत ‘सक्करे’ आहे. गुजरातीत रोजच्या साखरेला ‘खांड’ म्हणतात आणि ‘साकर’ हा शब्द खडीसाखरेसाठी राखून ठेवला आहे. मराठी ‘खडीसाखर’ तर मोठा मजेशीर शब्द आहे. साखर म्हणजे मुळात खडी. तिला आपण पुन्हा खडी जोडली. जुना अर्थ विसरला गेला, पण वस्तू पाहून तोच शब्द पुन्हा सुचला.

मग इंग्रजीपर्यंत पोहोचला कसा?

व्यापाऱ्यांच्या तोंडून. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसने मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या बोरूंची नोंद केली होती, असे पुढच्या ग्रीक लेखकांनी लिहून ठेवले आहे. ऊस ग्रीकांना नवा होता, त्यामुळे त्यांनी त्याचा हिशेब मधाशी लावला. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी ‘सॅकेरॉन’ नावाच्या पदार्थाबद्दल लिहितो. पांढरा, दाताखाली कुरकुरणारा, आणि उपयोग फक्त औषधापुरता. म्हणजे वस्तू पोहोचण्यापूर्वी नाव पोहोचले होते आणि नावाबरोबर वैद्याची पुडी.

पुढचा मार्ग अधिक स्पष्ट आहे. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’. अरबांनी ऊस आणि साखर करण्याची विद्या भूमध्य समुद्राच्या काठाने इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेली. स्पॅनिशमध्ये ‘असुकार’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘आसुकार’ झाले. त्यातला सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे अरबीतले ‘अल’ हे उपपद शब्दाला चिकटून आलेले. इटालियनमध्ये ‘झुकेरो’, फ्रेंचमध्ये ‘सुक्र’, जर्मनमध्ये ‘झुकर’, रशियनमध्ये ‘साखर’. होय, रशियन माणूस चहात जे टाकतो त्याला तो जवळपास आपल्यासारखेच ‘साखर’ म्हणतो. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचांकडून उचलला. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी कागदपत्रांत दिसू लागतो. वाटेत ‘क’चा ‘ग’ झाला. पुढे इंग्रजी उच्चारात सुरुवातीच्या ‘स’चा ‘श’ झाला, तसा तो ‘शुअर’ या शब्दातही झाला आहे. त्यामुळे शर्करेतला हरवलेला ‘श’ शुगरमध्ये परत आल्यासारखा वाटतो. तो निव्वळ योगायोग आहे. संस्कृतशी त्याचा थेट संबंध लावण्याचा मोह टाळलेला बरा. समाजमाध्यमांवर असे मोह फार फिरतात.

पूर्वेकडेही साखरेची वाट होतीच. चीनचा तांग घराण्यातील सम्राट ताइझोंग याने इ. स. ६४७ मध्ये साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. आणि पुढे काय झाले? हिंदीत पांढऱ्या साखरेला नाव पडले ‘चीनी’, म्हणजे चीनची. खडीसाखरेला ‘मिसरी’, म्हणजे मिसरची, इजिप्तची. ज्यांना विद्या शिकवली त्यांच्याच नावाने माल परत विकत घेतला गेला. मराठीने मात्र ‘साखर’ सोडली नाही, ही आपली जमेची बाजू.

उसाच्या शास्त्रीय नावातही शर्करा लपलेली आहे. ‘सॅकेरम ऑफिसिनेरम’. यातले पहिले पद शर्करेचे लॅटिन रूप. दुसऱ्याचा अर्थ औषधांच्या दुकानातला. ऊस मूळचा न्यू गिनी बेटाकडचा, त्याची दाणेदार साखर करण्याची रीत भारतातली, आणि नाव देणाऱ्यांच्या दृष्टीने ती औषधाच्या बरणीतली वस्तू. युरोपात कित्येक शतके साखर औषधविक्यांकडेच मिळत असे. ज्या वस्तूचा परिचय औषध म्हणून झाला, तिचे नाव शेवगावात आजाराला मिळावे, याला काय म्हणावे?

गूळ म्हणजे ‘जॅगरी’. मग तो शब्द वेगळा ना?

वेगळा वाटतो, पण नाही. पोर्तुगीज मलबारच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा तिथे गुळाला ‘चक्करा’, ‘शर्करा’ म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे ‘जागरा’ केले, इंग्रजांनी ‘जॅगरी’. म्हणजे ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ हे एकाच शर्करेचे दोन अवतार. एक वाळवंटातून खुश्कीच्या वाटेने गेला, दुसरा जहाजात बसून. ‘कँडी’ हा शब्दही असाच. त्याच्या मुळाशी आपला ‘खण्ड’ आहे. फारसी-अरबीत ‘कंद’, फ्रेंचमध्ये ‘कांदी’ आणि इंग्रजीत ‘कँडी’. दुकानात मुलांना पन्नास पैशांची कँडी मिळायची, ती मुळात खांडच.

शब्दांच्या या नात्याकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण व्यवहारात अगदी उलटी समजूत रुजली आहे. साखर वाईट, गूळ चांगला. नगर-पुण्याच्या रस्त्यांवर ‘गुळाचा चहा’ असे फलक लागले आहेत आणि ‘शुगर’ असलेली मंडळी निर्धास्तपणे तो पितात. गुळात थोडी खनिजे राहतात, हे खरे. पण त्याचा मोठा भाग साखरेचाच, म्हणजे सुक्रोजचाच असतो. पोटात गेल्यावर दोन्हींचे ग्लुकोज होते आणि रक्तात उतरते. मधुमेह असलेल्याने साखरेऐवजी तितकाच गूळ खाल्ला तर मोजणीच्या यंत्रावर त्याची सुटका होत नाही. इंग्रजीने दोघांना एकाच मुळापासून नावे दिली, आणि शरीरही त्यांच्यात फारसा फरक करत नाही.

आजाराला ‘शुगर’ का म्हणू लागले?

मराठी माणूस हल्ली आजाराला आजाराच्या नावाने हाक मारत नाही, तपासणीच्या नावाने मारतो. ‘मला बीपी आहे’, ‘त्याला शुगर निघाली’. रक्तदाब आणि रक्तातली साखर प्रत्येक जिवंत माणसाला असतेच. नसेल तर तो उभा राहणार नाही. डॉक्टर ‘ब्लड शुगर वाढली आहे’ असे म्हणत, त्यातला पहिला आणि शेवटचा शब्द गळाला आणि मधला आजार होऊन बसला.

जुन्या वैद्यांनी दिलेले नाव याहून नेमके होते. मधुमेह, म्हणजे मधासारखी लघवी. लघवीकडे मुंग्या धावतात, हे लक्षण चरकाच्या परंपरेत नोंदवलेले आहे. ग्रीकांचा ‘डायबेटिस’ या शब्दाचा रोख शरीरातून पाणी नळीसारखे वाहून जाण्यावर होता. त्यात गोडीचा उल्लेख नाही. ‘मेलिटस’, म्हणजे मधाचा, हे पद त्याला युरोपात नंतर लागले. १७७६ मध्ये इंग्लंडमधील मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णाची लघवी आटवून उरलेला गोड, साखरेसारखा भाग दाखवून दिला. गुऱ्हाळात जे काम कढईवर चालते तेच, फक्त कच्चा माल वेगळा.

आणखी एक गुंता. आयुर्वेदात ‘शर्करा’ हे एका आजाराचे नाव होतेच, पण मधुमेहाचे नव्हे. मूत्रमार्गातला खडा फुटून त्याची रेती झाली की तिला सुश्रुताच्या परंपरेत शर्करा म्हणत. तिथे शब्दाचा जुना, खडीचा अर्थ टिकून राहिला होता.

शब्द चुकीचा पडला की समजूतही चुकते. ‘शुगर’ म्हटल्यामुळे अनेकांना वाटते की साखर सोडली की काम झाले. बाजरीची भाकरी, भात, बटाटा, केळे यांतूनही ग्लुकोजच तयार होते, हे लक्षात राहत नाही. दुसऱ्या बाजूने, केवळ साखर खाल्ल्यानेच मधुमेह होतो, असेही नाही. आनुवंशिकता, पोटाचा वाढलेला घेर, बसून राहण्याचे काम यांचा वाटा मोठा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली तर मधुमेहाचे निदान होते, पण त्यासाठी चाचणी पुन्हा करून खात्री करावी लागते. टपरीवरच्या गप्पांत निघालेल्या आकड्यावर गोळी सुरू किंवा बंद करणे धोक्याचे.

‘मोरस’ साखर कोणी तोडली?

साखर औषधाच्या दुकानातून स्वयंपाकघरात आली ती स्वस्त झाल्यामुळे, आणि स्वस्त झाली ती गुलामांच्या जिवावर. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढची तीन-साडेतीन शतके आफ्रिकेतून पकडून नेलेल्या लाखो माणसांनी तिथे तो तोडला. १७९१ मध्ये ब्रिटनमध्ये गुलामांनी पिकवलेल्या साखरेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या काळात तिथल्या घरांत साखरेची भांडी आली, त्यांवर लिहिलेले असे की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. भारतातल्या साखरेला मिळालेले ते स्वच्छतेचे प्रमाणपत्र.

ते फार काळ टिकले नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी संपली, तसे मळेवाल्यांना मजूर हवे झाले आणि १८३४ पासून भारतातून करारावर माणसे नेणे सुरू झाले. त्या करारालाच, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’ला, मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ म्हणू लागले. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेले रत्नागिरी, सातारा भागांतले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते.

त्या बेटावरची साखर मुंबईच्या बाजारात यायची. जुन्या मराठीत आणि गुजरातीत तिला ‘मोरस’ म्हणत, म्हणजे मॉरिशसची. मराठी हातांनी तिकडे तोडलेला ऊस इकडे मराठी घरात परदेशी नावाने आला. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ती स्वच्छ करताना हाडांचा कोळसा वापरतात, हा आक्षेप त्या वेळी फार प्रभावी ठरला. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला आयात करांचे संरक्षण मिळाले आणि तीस-बत्तीस कारखान्यांची संख्या काही वर्षांतच शंभराच्या पुढे गेली.

शेवगावात ही कथा कुठे येते?

जिल्ह्याच्या पश्चिम-उत्तर भागात भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस आधीच उभा राहिला होता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शेवगाव तेव्हा ज्वारी-बाजरी-कपाशीचा तालुका होता. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण झाले, १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि शेवगाव-नेवाशाच्या काठावरच्या गावांची जमीन नाथसागराखाली गेली. जी राहिली तिला फुगवट्याचे पाणी मिळाले. मुळा धरणाचा उजवा कालवाही तालुक्यात येतो. बोधेगावला केदारेश्वर सहकारी कारखाना उभा राहिला, नजीक बाभूळगावला खासगी कारखाना. शेजारी नेवाशात भेंड्याचा ज्ञानेश्वर आणि पाथर्डीत आदिनाथनगरचा वृद्धेश्वर. त्याच वेळी बोधेगावपलीकडची, बीडच्या हद्दीकडची गावे मात्र पावसाच्या भरवशावर राहिली. पाण्याच्या जवळची माणसे ऊस लावतात, पाण्यापासून दूरची तोडतात, तालुका एकच.

इथे शब्दांचा खेळ पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी पैशाचा.

पहिला शब्द ‘रिकव्हरी’, मराठीत उतारा. एक टन उसातून किती साखर निघाली त्याची टक्केवारी. बँकेत हाच शब्द वसुलीला वापरतात, दवाखान्यात तब्येत सुधारण्याला. ऊस उत्पादकाच्या घरी एकाच आठवड्यात तिन्ही अर्थ येऊ शकतात. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. म्हणजे टनाला ३,५५० रुपये. १०.२५ टक्के उतारा म्हणजे टनात १०२.५ किलो साखर. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपयांचा फरक पडतो आणि ९.५ टक्के किंवा त्याखाली उतारा असेल तर दर ३२९.०५ रुपयांवर थांबतो. पाऊण टक्क्याच्या या अंतरात टनामागे २५९ रुपये ५० पैसे आहेत. एकरी ४० टन ऊस धरला तर १०,३८० रुपये. हा उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजला जातो, शेतकऱ्याच्या बांधावर नाही. वजनकाटा आणि उतारा यांवरून दर हंगामात संशय आणि वाद का होतात, ते या आकड्यावरून कळते. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च या दरातूनच वजा होतो.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजासह. राज्य सरकारने २०२२ मध्ये ही रक्कम दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शेवगाव तालुक्यात या प्रश्नाने रक्तही सांडले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ऊसदराच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी जखमी झाले होते.

दुसरा शब्द ‘उचल’. शेतकऱ्याच्या तोंडी ‘पहिली उचल’ म्हणजे घातलेल्या उसाचा पहिला हप्ता, त्याच्या हक्काचे येणे. ऊसतोड कामगाराच्या तोंडी ‘उचल’ म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, त्याच्यावरचे देणे. एकाच शिवारात, एकाच उसाभोवती, एकाचे येणे आणि दुसऱ्याचे देणे एकाच शब्दाने बोलले जाते. बैठकीत दोघे ‘उचल वाढली पाहिजे’ म्हणतात, तेव्हा ते एकमेकांशी बोलत नसतात. गिरमिट आणि उचल यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पण आधी पैसे, मग काम, आणि पैसे फिटेपर्यंत सुटका नाही, ही रीत ओळखीची वाटते.

तिसरा शब्द ‘कोयता’. तोडणीच्या हिशेबात कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. टोळीत दहा कोयते म्हणजे वीस माणसे. उचल कोयत्याला मिळते, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाईची वेगळी नोंद हिशेबात नसते, पण तिचा खाडा झाला की कापणी मात्र दोघांच्या मजुरीतून होते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तोडणी दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. एका कोयत्याने दिवसात दोन टन तोडला, पाचट काढून मोळ्या बांधून गाडी भरली, तर दोघांचे मिळून साधारण ७३२ रुपये. वाढे विकून वर थोडे सुटतात. खाड्याच्या धास्तीचे एक टोक शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आरोग्याच्या तक्रारी, खासगी दवाखान्यांचा सल्ला आणि बुडणारी मजुरी, अशी कारणे त्यामागे एकत्र होती.

दिवाळीच्या आसपास बोधेगाव, बालमटाकळी, हातगावकडच्या रस्त्यांवर भांडी, अंथरुणे, शेरडे आणि पोरे भरलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. त्याच सुमारास सहकारी कारखान्यांच्या सभासदांना सवलतीच्या दरातली साखर मिळते आणि गटाच्या कार्यालयासमोर पिशव्या घेऊन रांगा लागतात. तोडणी कामगार सभासद नसतो. कोपीत चहाला लागणारी साखर तो मुक्कामाच्या गावातल्या किराणा दुकानातून, पाव किलोच्या पुडीत विकत घेतो.